अरंगेत्रम करायचं की थांबायचं?

प्रश्न : ताई, आम्ही खानापूरचे. मुलगी तेरा वर्षांची, सात वर्षं झाली भरतनाट्यम शिकतेय, आठवड्यातून दोनदा बेळगावला नेते. आता क्लासमधून अरंगेत्रम करा म्हणून सांगितलंय, खर्च ऐकून मिस्टर गप्पच झाले. सासूबाई म्हणतात नाचून काय मिळवूलालीस. मुलीला पुढे यातच करिअर करायचंय. पण सगळी गाणी तमिळ, तेलुगू, कन्नड, आपल्या मराठी मुलीचा यात निभाव लागेल का? सोसायटीचं कर्ज काढू का?
— एक आई

उत्तर : कर्ज काढू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं नंतर वाचा.

अरंगेत्रम म्हणजे शिक्षण संपलं असं नाही हो, शब्दाचा अर्थच मुळी रंगमंचावर पहिल्यांदा चढणं. पण आपल्याकडे त्याचं लग्नकार्य झालंय, हॉल, बेंगळूरहून गायक, मृदंग, व्हायोलिन, तीन कॉस्च्यूम, टेम्पल ज्वेलरी, फोटोवाला, वर पाहुण्यांना जेवण, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगी क्लासला जायची बंद, अशा कितीतरी मुली मी बघितल्यात. तेराव्या वर्षी दोन तास एकटीने नाचायचं, त्यात वर्णम, म्हणजे कार्यक्रमातली सगळ्यात लांब रचना, एकटंच अर्धा-पाऊण तास जातं, तिथे दम लागतो तो लागतोच पण अभिनयाला समजही लागते. तीन-चार वर्षं थांबलात तर काहीही बिघडत नाही. गुरूंना सरळ सांगा, आत्ता झेपत नाही म्हणून. चांगल्या गुरू रागावत नाहीत, आणि रागावल्याच तर तेही कळलेलं बरं.

तेवढ्या पैशात काय होतं बघा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चालू ठेवा, विशारदपर्यंत. कर्नाटकातल्या ज्युनियर, सीनियर, विद्वत या परीक्षांचंही गुरूंना विचारा, आपण सीमेवर राहतो त्याचा एवढा तरी फायदा घ्यायचा की. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची स्कॉलरशिप १० ते १४ वयासाठी असते, रक्कम वर्षाला ३,६०० रुपये, म्हणजे फार नाही, फीसाठी थोडी वेगळी भर मिळते, पण मुलीचं वय निघून चाललंय, यंदाच बघा. बारावीनंतर पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबईत कनक रेळेंनी उभं केलेलं नालंदा, म्हैसूरला गंगूबाई हनगल यांच्या नावाचं विद्यापीठ, आणि हिंमत असेल तर रुक्मिणीदेवींनी १९३६ साली सुरू केलेलं चेन्नईचं कलाक्षेत्र. डिग्री हवीच, कारण नुसत्या कार्यक्रमांवर घर चालवणारे डान्सर थोडे, बाकीच्यांचं क्लास, शाळेतली नोकरी, नट्टुवांगम यावर चालतं. नट्टुवांगम म्हणजे झांजेवर ताल धरून बोल म्हणणं, ते आत्तापासूनच शिकवायला सांगा, पुढे दुसऱ्यांच्या कार्यक्रमात बसून मानधन मिळतं.

आता भाषा. अहो, सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंतचा जो क्रम तुमची मुलगी शिकतेय तो बसवणारे चार भाऊ, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू, तंजावरला सरफोजी राजे दुसरे यांच्या दरबारात होते. म्हणजे भोसल्यांच्या! सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी मराठी रचना आहेत, आचार्य पार्वतीकुमारांनी मुंबईत त्या पुन्हा उभ्या केल्या, सुचेता भिडे-चापेकरांनी रंगमंचावर आणल्या. त्यामुळे परकेपणाचं मनातून काढा. आणि कन्नडचं म्हणाल तर तुमची मुलगी बाजारात, बसमध्ये कन्नड ऐकतच वाढलीय, पुरंदरदासांचं पद पुण्याच्या मुलीला अर्थ वहीत लिहून घेऊन पाठ करावं लागतं, तुमच्या मुलीच्या कानाला ते आधीच ओळखीचं असणार. अभिनयात तो फरक लगेच दिसतो.

एक राहिलंच. घरी सराव शहाबादीवर करते का? गुडघे जातील. खाली लाकडी फळ्या किंवा निदान जाड सतरंजी घाला, आणि अरमंडीत, म्हणजे त्या अर्ध्या बैठकीत, गुडघे बाहेर वळतात का आत पडतात ते गुरूंना बघायला लावा. सासूबाईंना एकदा क्लासला घेऊन जा, बस.

प्रश्न : ताई, मी निपाणीचा, वय २०, बी.कॉम.ला आहे. सहा वर्षं कथक शिकतोय, रविवारी कोल्हापूरला जातो. घरी रोज मोबाईलवर लेहरा (तालाच्या आवर्तनाची सतत वाजणारी धून) लावून तत्कार, म्हणजे पायांचे बोल, करतो. मित्र चेष्टा करतात. उशीर झालाय का?

उत्तर : चेष्टा करणाऱ्यांना कथकचे बिरजू महाराज कोण होते ते विचार. उशीर नाही. १८ ते २५ वयाच्या कलाकारांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, गुरूकडे पाच वर्षं तरी शिकलेलं लागतं, तुझी सहा झालीत, तेव्हा अर्ज भर. आणि मोबाईलवरच्या लेहऱ्यावर रोज तत्कार करतोस असं लिहिलंयस, ते ठीक, पण मोबाईल तुझ्यासाठी कधी थांबत नाही की पुढे धावत नाही, स्टेजवरचा तबलजी दोन्ही करतो. निपाणीत भजनी मंडळात पखवाज वाजवणारा कुणीतरी असेलच, त्याला आठवड्यातून एकदा चहा पाज आणि समोर बसव.