चार दिवस लग्नाला जाऊ का?

प्रश्न: मॅडम, सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) होऊन चार वर्षं झाली. मी आणि मिस्टर दोघंच बघतो. रात्री तीनला उठून दार वाजवतात, "मला घरी जायचंय" म्हणतात. पुढच्या महिन्यात सांगलीला भाचीचं लग्न आहे. एका सेंटरमध्ये चार दिवस ठेवून घेतात म्हणे, पण नणंद म्हणाली "आईला वृद्धाश्रमात टाकणार का?" तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाहीये.
– एक सून, चिंचवड

उत्तर: लग्नाला जायचंच, हे आधी ठरवून टाका. मग नणंदबाईंना फोन करा, ताई तुम्हीच या की चार दिवस राहायला. आल्या तर सोन्याहून पिवळं, कारण जागा बदलली की या पेशंटचा गोंधळ वाढतो, घरच्या घरी ओळखीचं माणूस असलेलं कधीही बरं. नाही आल्या तर निदान "टाकणार" हा शब्द तरी परत काढणार नाहीत.

सेंटरच करायचं असेल तर एकदम चार दिवस नका ठेवू. महिना हातात आहे, आधी दिवसाचे दोन-तीन तास ठेवून बघा, मग एक रात्र. आणि बघायला जाल ते संध्याकाळी सहाला जा. सकाळी अकराला कुठलंही सेंटर शांतच दिसतं हो, दिवस कलला की यांची बेचैनी वाढते, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात, तेव्हा तिथली माणसं कशी वागतात ते बघायचं. रात्री ड्युटीला किती जण, बांधून ठेवता का, झोपेची गोळी कुणाला विचारून देता, हे तोंडावर विचारा. चाचरले तर चपला घालून निघा.

औषधांच्या कागदावरच लिहून द्या की चहा कसा लागतो, काय म्हटलं की अंघोळीला तयार होतात, "घरी जायचंय" म्हणाल्या की तुम्ही काय बोलता. रोजची गोधडी सोबत द्या. परत आल्यावर थोडे दिवस बिथरतील, ते मनाला लावून घेऊ नका. पण अचानक खूपच भ्रम झाला किंवा गुंगीत राहिल्या तर लगेच डॉक्टरकडे न्या, लघवीच्या इन्फेक्शननेसुद्धा असं होतं.

चौकशीसाठी ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, फोन फुकट लागतो. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून डिमेन्शियाच्याच कामात आहे, त्यांनाही विचारा.

आणि मिस्टरांनाही न्या लग्नाला, त्यांचीही चार वर्षांची झोप राहिलीये.