अमेरिकन वसाहतींचे बंड केवळ चहावरच्या करामुळे झाले का, आणि ते शेतकऱ्यांनी जिंकले का?

चहावरच्या करामुळे वसाहती पेटल्या आणि झाडाआडून नेम धरणाऱ्या शेतकऱ्यांनी ब्रिटनच्या कवायती फौजेला नमवले, हे कितपत खरे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यातला पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा बराचसा दंतकथेत जमा होतो.

ब्रिटिश पार्लमेंटच्या १७७३ च्या चहाविषयक कायद्याने चहा महाग झालाच नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीला आपला माल थेट वसाहतींत पाठवण्याची मुभा मिळाल्याने तो उलट स्वस्त होणार होता. तरीही १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, कारण तो चहा विकत घेणे म्हणजे ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही तिचा कर बसवण्याचा हक्क मुकाट्याने मान्य करणे, असे तिथल्या पुढाऱ्यांचे म्हणणे होते. (चोरट्या चहावर गबर झालेल्या व्यापाऱ्यांचा स्वार्थही त्यात होता, हे सहसा सांगितले जात नाही.) हा हक्काचा वाद जुना होता. १७६६ मध्ये कागदपत्रांवर कर बसवणारा स्टॅम्प कायदा मागे घेतानाच, वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा आपला अधिकार अबाधित आहे, असे पार्लमेंटने बजावून ठेवले होते. ॲपलाचियन पर्वतापलीकडच्या जमिनींवर वस्ती करण्यास १७६३ मध्ये झालेल्या मनाईचा रागही होताच.

युद्धाचे म्हणाल तर समोरासमोरच्या बहुतेक मोठ्या लढायांत बंडखोरांचा सेनापती वॉशिंग्टन याची फौज हरली, आणि १७७६ मध्ये गेलेले न्यूयॉर्क शहर १७८३ पर्यंत ब्रिटिशांकडेच राहिले. गावोगावच्या शिबंदीवर, म्हणजे गरजेपुरत्या हत्यार उचलणाऱ्या शेतकरी-गावकऱ्यांच्या पथकांवर, खुद्द वॉशिंग्टनचा फारसा भरवसा नव्हता. मात्र ब्रिटिश तुकडी पुढे सरकली की मागचा मुलूख पुन्हा बंडखोरांच्या ताब्यात जाई, ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ लोकांना वचक बसे आणि दाणावैरण गोळा करायला निघालेल्यांवर हल्ले होत, ते याच शिबंदीमुळे. परिणामी रसदेचा मोठा भाग अटलांटिकपलीकडून आणावा लागे.

साराटोगा येथे ब्रिटिश फौजेने पत्करलेल्या शरणागतीनंतर १७७८ मध्ये फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला आणि ब्रिटनचे आरमार वेस्ट इंडीजपासून हिंदुस्थानापर्यंत विखुरले गेले. फ्रेंचांचा वकील सेंट ल्युबिन त्याच सुमारास पुण्याच्या दरबारात आल्याने मुंबईकर इंग्रज किती धास्तावले होते, हे मराठ्यांच्या इतिहासात आपल्याला भेटतेच. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस कोंडला गेला, तो ५ सप्टेंबरला फ्रेंच दर्यासारंग द ग्रासच्या आरमाराने ब्रिटिश जहाजांना चेसापीक उपसागराच्या मुखाशी अडवल्यामुळे. वेढ्यात फ्रेंच सेनापती रोशांबोचे हजारो कवायती फ्रेंच सैनिकही होते.

ब्रिटनला जिंकण्याची खरी संधी होती ती ऑगस्ट १७७६ मध्ये, लाँग आयलंडवर पराभूत झालेली वॉशिंग्टनची फौज नदीला पाठ लावून उभी असताना. ब्रिटिश सेनापती जनरल हाऊने लगेच निकराचा हल्ला केला नाही आणि ती फौज रातोरात नदी उतरून निसटली. तसा हल्ला झाला असता तरी बंड तिथेच मिटले असते, असे मात्र मला वाटत नाही, कारण तोवर तेराही वसाहतींतला कारभार बंडखोरांच्या समित्यांच्या हाती गेला होता.