नव्या कार्यकर्त्यांची पहिली दोन वर्षे

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मुले आणि कुटुंबे यांच्यासाठी काम करणाऱ्या नव्या समाजकार्यकर्त्यांचा गट आता तुझ्या पर्यवेक्षणाखाली येणार आहे. त्यांना काय शिकवावे आणि कामात टिकवून कसे ठेवावे, असे दोन प्रश्न तू वेगवेगळे विचारले आहेस. मी त्यांचे उत्तर एकत्रच देते, कारण या कामात माणूस घडतो तो पहिल्या एक-दोन वर्षांत, सोडून जातो तोही बहुधा त्याच काळात, आणि दोन्ही गोष्टी फार मोठ्या प्रमाणात त्याच्या थेट पर्यवेक्षकावर अवलंबून असतात.

कर्मचारी टिकण्याचा प्रश्न सहसा आस्थापना विभागाचा मानला जातो आणि रिक्त पद, जाहिरात, नेमणूक एवढ्यावर तो संपतो. तू तो मुलाच्या बाजूने पाहावास अशी माझी इच्छा आहे. घरातल्या मारहाणीविषयी, किंवा त्याहूनही अवघड गोष्टीविषयी, मूल पहिल्या भेटीत क्वचितच बोलते. समोरचा माणूस सांगितलेल्या दिवशी येतो का, मागच्या वेळी सांगितलेली बारीकशी गोष्ट लक्षात ठेवतो का, आपण बोललेले आईवडिलांसमोर उघड करतो का, हे ते आधी निरखून पाहते. कार्यकर्ता बदलला की ही पारख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि दोन-तीनदा असे झाल्यावर पुष्कळ मुले तो प्रयत्नच सोडून देतात. अमेरिकेतील मिलवॉकी परगण्यात २००३ च्या सुमारास शासकीय देखभालीत आलेल्या मुलांचा अभ्यास झाला होता. ज्यांना अखेरपर्यंत एकच कार्यकर्ता लाभला, त्यांपैकी ७४.५ टक्के मुलांना त्या कालावधीत कायमचे घर मिळाले. ज्यांचा कार्यकर्ता एकदा बदलला, त्यांच्यात हे प्रमाण १७.५ टक्के होते. प्रकरण लांबले की कार्यकर्ता बदलण्याची शक्यता मुळातच वाढते, त्यामुळे या फरकाचे सगळे खापर बदलावर फोडता येणार नाही. तरीही एवढी मोठी तफावत केवळ त्या कारणाने पडली असेल, असे मला वाटत नाही. त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने दिलेल्या अहवालात बालकल्याण कार्यकर्त्यांचा नोकरीतील सरासरी काळ दोन वर्षांहूनही कमी असल्याचे नमूद होते. म्हणजे कामात हात बसण्याच्या सुमारासच माणसे बाहेर पडत होती.

आता शिकवण्याविषयी. कायदे, बालविकास, आघाताचे परिणाम, व्यसन आणि मानसिक आजार यांची माहिती वर्गात देता येते आणि ती दिलीच पाहिजे. पण गृहभेट वर्गात शिकवता येत नाही. दार उघडणारी व्यक्ती चिडलेली असताना पहिले वाक्य काय बोलावे, मुलाशी एकट्याने बोलण्याची मागणी अपमान न वाटेल अशी कशी करावी, मूल कुठे झोपते हे पाहायचे राहून जाऊ नये म्हणून काय करावे, हे नव्या माणसाने अनुभवी कार्यकर्त्याच्या सोबत जाऊन पाहायचे असते. नंतर भूमिका उलटवाव्यात: नव्याने बोलावे, अनुभवी माणसाने शांत बसावे, आणि परतीच्या वाटेवरच, आठवण ताजी असताना, दोघांनी त्या भेटीची चर्चा करावी. नोंदी लिहिण्याच्या शिक्षणाकडे फार दुर्लक्ष होते, म्हणून त्यावर तू विशेष वेळ दे. मी स्वतः काय पाहिले, मला कोणी काय सांगितले आणि त्यावरून मी काय अनुमान काढले, या तीन गोष्टी प्रत्येक नोंदीत वेगळ्या दिसल्या पाहिजेत. कुटुंबातील घटना तारीखवार एका पानावर मांडण्याची सवयही पहिल्याच महिन्यात लाव. एकेक घटना किरकोळ वाटते; त्या सलग वाचल्या की दुर्लक्षाचा किंवा छळाचा आकार दिसू लागतो.

पर्यवेक्षण नसेल तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण तुझ्या गटाने अभ्यासावे असे मला वाटते. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी सांभाळ करणाऱ्यांच्या छळामुळे मरण पावली. तिच्या मृत्यूची शासनाने नेमलेली चौकशी लॉर्ड लेमिंग यांनी केली; तिचा अहवाल २००३ मध्ये आला. तिचे प्रकरण ज्या कार्यकर्तीकडे होते, तिने त्या मुलीला चार वेळा पाहिले होते आणि त्या सगळ्या भेटींचा वेळ मिळून अर्धा तासही भरत नव्हता. ती कार्यकर्ती या कामात नवखी होती आणि तिला मिळालेले पर्यवेक्षण अपुरे होते, हेही त्या चौकशीत पुढे आले. हे उदाहरण भीती घालण्यासाठी वापरू नकोस. 'या कार्यकर्तीला त्या आठवड्यात कोणी कोणता प्रश्न विचारायला हवा होता?' एवढेच गटाला विचार आणि त्यांना बोलू दे.

समाजकार्यातील पर्यवेक्षणाचे अमेरिकी अभ्यासक आल्फ्रेड कदूशिन यांनी पर्यवेक्षणाची तीन कार्ये सांगितली: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचे. व्यवहारात पहिले कार्य उरलेल्या दोघांना गिळून टाकते. अहवाल दिला का, मुदत पाळली का, अर्ज भरला का, एवढ्यात ठरलेला तास संपतो. तुझ्या बैठकीत ही कामे शेवटच्या दहा मिनिटांत उरक. आधीचा वेळ दोन-तीन कुटुंबांनाच दे आणि नेमके विचार: मूल स्वतः काय म्हणाले? आई सुधारते आहे असे तुला कशावरून वाटते? तुझे मत चुकीचे असेल, तर कोणती गोष्ट आपल्याला वेगळी दिसायला हवी? ज्या कुटुंबाशी आपुलकी जडली आहे, तिथे कार्यकर्ता नकळत चांगलेच पाहू लागतो, आणि हे त्याला स्वतःहून सहसा कळत नाही. इंग्लंडमध्ये नव्याने पात्र झालेल्या कार्यकर्त्यांच्या पहिल्या वर्षासाठी २०१२ पासून एक व्यवस्था आहे. तिच्यात पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, पुढे सहा महिने पूर्ण होईपर्यंत पंधरवड्याला आणि नंतर किमान महिन्याला पर्यवेक्षण अपेक्षित असते, आणि कामाचा भारही थोडा कमी ठेवला जातो. हे वेळापत्रक जसेच्या तसे उचल. बैठक रद्द झालीच, तर ती त्याच आठवड्यात पुन्हा ठरव.

कामाचा भार ठरवताना केवळ प्रकरणांच्या संख्येवर जाऊ नकोस. पाच भावंडांचे, न्यायालयात सुरू असलेले आणि दूर अंतरावरचे एक प्रकरण तीन साध्या प्रकरणांइतका वेळ खाते. नव्या माणसाला सोडून गेलेल्याची सगळी प्रकरणे पहिल्याच दिवशी एकगठ्ठा देण्याची पद्धत तर तू ठामपणे मोडायला हवीस. वरिष्ठांचा दबाव येईल. तेव्हा कोणते काम होऊ शकणार नाही आणि त्यामुळे कोणत्या मुलांची भेट लांबेल, हे त्यांना लेखी कळव.

दुसऱ्यांचे दुःख सतत ऐकणाऱ्याला दुय्यम आघात होतो, हे आता सर्वमान्य आहे. झोप उडणे, स्वतःच्या मुलांबद्दल अवास्तव भीती वाटणे, किंवा उलट कशाचेच काही न वाटणे, ही त्याची लक्षणे असतात. तू ती दुबळेपणा म्हणून मोजत नाहीस, हे गटाला तुझ्या वागण्यातून कळावे. धोक्याच्या घरी कोणालाही एकटे पाठवू नकोस. भेट संपल्यावर कार्यकर्त्याने फोन करायचा आणि तो आला नाही तर कोणी काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे. एखाद्या मुलाचा मृत्यू किंवा गंभीर इजा झाली, तर पहिल्याच तासात त्या कार्यकर्त्याजवळ जाऊन बस. चौकशी तिच्या वेळी होईल. अशा प्रसंगी एकाला एकटे पाडलेले बाकीच्यांनी पाहिले, की तेही बाहेरची वाट शोधू लागतात.

पगार, बढती, शिक्षणाचा खर्च आणि त्याबदल्यात सेवेचा करार यांचा उपयोग आहेच, पण करार माणसाला त्याच्या मुदतीपुरताच बांधतो. भरती करताना मात्र कामाचे खरे रूप सांग, आणि शक्य असेल तर निवडीआधी उमेदवाराला एक दिवस कार्यकर्त्यासोबत फिरू दे. ज्यांना हे झेपणार नाही, ते तेव्हाच कळलेले बरे.

एवढे करूनही काही जण जातील. जाणाऱ्याशी राजीनाम्याच्या दिवशी नव्हे, त्याआधी निवांत बोल आणि खरे कारण ऐक. पण त्याहून निकडीचे काम मुलांचे आहे. जाणाऱ्या कार्यकर्त्याने आपण जात आहोत हे मुलाला स्वतः सांगावे, 'यात तुझा काही दोष नाही' हे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि नव्या कार्यकर्त्याला सोबत नेऊन ओळख करून द्यावी. ही संयुक्त भेट झाल्याशिवाय प्रकरणाच्या हस्तांतरणावर सही करायची नाही, हा नियम तू तुझ्या गटापुरता या आठवड्यापासूनच लागू करू शकतेस. त्यासाठी निधी लागत नाही.

कळावे, लोभ असावा.