मेहुण्याची गाडी नव्हे, शोरूमचा तक्ता दाखवा

प्रश्न : मी एकोणीस महिन्यांपूर्वी नवी पेट्रोल गाडी घेतली. दोन कंपन्यांच्या गाड्या मनात होत्या. सेल्समनने व्हॉट्सॲपवर तुलनेचा तक्ता पाठवला : आमची गाडी लिटरला २४ किलोमीटर, समोरच्या कंपनीची २०. त्यावर विश्वास ठेवून मी ही गाडी घेतली. आज ती जेमतेम १६ देते. मेहुण्याने त्याच दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली, त्याला १८ मिळतात. शोरूमवाले म्हणतात, तुमची चालवण्याची पद्धत चुकते. गाडी परत देऊन पैसे मिळतील का? दोन्ही गाड्यांचे आकडे ओळखीच्या सगळ्यांना कळवावेत असे वाटते, पण मॅनेजरने बदनामीच्या दाव्याची धमकी दिली आहे. काय करावे?

उत्तर : गाडी परत करून पूर्ण किंमत मिळेल ही आशा आधी बाजूला ठेवा. नुकसानभरपाईसाठी मात्र तुमच्या हातात बऱ्यापैकी केस आहे. फक्त तिचा पाया तुम्ही समजता तो नाही. तुमच्या मूळ पत्रात मेहुण्याच्या गाडीबद्दल दोन पाने आहेत आणि तक्त्याबद्दल चार ओळी. ग्राहक आयोगासमोर हे प्रमाण उलटे करावे लागेल.

मेहुण्याची गाडी १८ देते आणि तुमची १६, यावरून कायद्याच्या दृष्टीने काहीच सिद्ध होत नाही. चालक वेगळा, रस्ते वेगळे, एसीचा वापर वेगळा, टायरमधली हवा वेगळी. सामनेवाल्यांचा वकील पहिल्या दहा मिनिटांत हे सगळे मांडेल आणि त्याचे म्हणणे चूक नसेल. शिवाय दुसऱ्या कंपनीची गाडी जास्त ॲव्हरेज देते एवढ्याने तुमची गाडी सदोष ठरत नाही. बाजारात एक गाडी दुसरीपेक्षा कमी देणारच. तुम्ही खरेदीनंतर केलेली तुलना हा पुरावा नाही. त्यांनी खरेदीआधी, तुमचे मन वळवण्यासाठी केलेली तुलना हा पुरावा आहे.

तो तक्ता मी भिंगातून पाहिला, आणि खरी गोष्ट तळाशी सापडली. मथळे मराठीत आहेत आणि तळटीप इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. तिचा अर्थ असा की, त्यांच्या गाडीचा २४ हा आकडा प्रमाणित चाचणीतला आहे आणि दुसऱ्या गाडीचा २० हा ‘रस्त्यावरील वापरानुसार’ आहे. म्हणजे एकाचे घरी सोडवलेल्या सराव पेपरचे गुण आणि दुसऱ्याचे बोर्डाच्या परीक्षेतले गुण शेजारी मांडून पहिला हुशार ठरवला.

हा फरक नीट समजून घ्या, कारण तुमची सगळी केस त्यावर उभी राहील. आपल्याकडे कंपन्या जो आकडा छापतात तो प्रयोगशाळेत निघतो. गाडी रोलरवर उभी करतात, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात, थांबवतात, पुन्हा चालवतात. त्या चक्रात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. एसी बंद असतो. चढ नाही, खड्डे नाहीत, मागच्या सीटवर सामान नाही. इंधनही टाकीतून मोजत नाहीत, तर धुरातल्या कार्बनवरून खर्च काढतात. या आकड्याचा खरा उपयोग एकच : सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना तीच चाचणी लागू असल्यामुळे एका गाडीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. रस्त्यावर तो मिळेल असे वचन त्यात नसते, आणि केवळ ‘२४ लिहिले, १६ मिळाले’ एवढ्यावर आयोगात गेलात तर हेच उत्तर ऐकाल. पण ज्या आकड्याचा उपयोगच बरोबरीच्या तुलनेसाठी, तोच त्यांनी बेबरोबरीच्या तुलनेसाठी वापरला. ‘आमचा आकडा चाचणीतला आहे’ हा त्यांचा बचाव इथे त्यांच्याच अंगावर येतो.

म्हणून पहिले काम : दुसऱ्या कंपनीच्या त्याच मॉडेलचा प्रमाणित आकडा तिच्या माहितीपत्रकातून मिळवा. तो २२ किंवा २३ निघाला, तर चारचा फरक एक-दोनवर येतो आणि तक्त्याची लबाडी एका ओळीत सांगता येते. २४ हा आकडा तुम्ही घेतलेल्या व्हेरियंटचाच आहे का, हेही पाहा. मॅन्युअल गिअरच्या हलक्या व्हेरियंटचा आकडा दाखवून ऑटोमॅटिक विकणे ही जुनी युक्ती आहे.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जाहिरातीची व्याख्या इतकी रुंद आहे की प्रकाश, ध्वनी, धूर आणि वायू यांच्या मार्गे केलेली प्रसिद्धीसुद्धा तीत बसते. धुरातून जाहिरात कोण करतो देव जाणे, पण त्याच व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यम, परिपत्रक आणि बिलही आहे. त्यामुळे ‘तो फक्त व्हॉट्सॲपवरचा फोटो होता’ हे म्हणणे टिकणार नाही. मालाच्या गुणवत्तेबद्दल दिशाभूल होण्याची शक्यता असलेली किंवा महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात कलम २(२८) खाली येते. कलम २(४७) मधल्या अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीतली दोन कलमे तुमच्या कामाची आहेत. पुरेशा किंवा योग्य चाचणीचा आधार नसताना मालाच्या कामगिरीची हमी देणे हे एक, आणि खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या गोष्टी सांगून दुसऱ्याच्या मालाला कमी लेखणे हे दुसरे. या दुसऱ्यावर भर द्या, तिकडे तक्रारदारांचे लक्ष सहसा जात नाही. तळटिपेचा प्रश्न दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या जून २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी सोडवला आहे : खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि तशाच अक्षरात हवा, आणि दिशाभूल करणारा दावा खुलाशाने दुरुस्त करता येत नाही.

असे दावे यशस्वी होतात का? केरळातल्या त्रिशूर जिल्हा आयोगाने २०२२ मध्ये एका डिझेल गाडीच्या प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. माहितीपत्रकात लिटरला ३२ किलोमीटर म्हटले होते, आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाच्या चाचणीत १९.६ आले. भरपाई तीन लाख रुपये आणि खर्चाचे दहा हजार. त्या निकालात दोन गोष्टी माझ्या नजरेत भरतात. एक, घट सुमारे चाळीस टक्क्यांची होती. तुमची ३३ टक्क्यांची आहे, म्हणजे ‘रस्त्यावर थोडे कमी मिळतेच’ या पळवाटेच्या बाहेर, पण फार बाहेर नाही. दोन, ग्राहकाची वही नव्हे, तज्ज्ञाची चाचणी निर्णायक ठरली.

तेव्हा तक्रारीसोबतच कलम ३८ खाली चाचणीचा अर्ज द्या. नंतर बघू म्हणून ठेवू नका, तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून चांगल्या तक्रारी फेटाळल्या जातात. चाचणीचे शुल्क आधी तुम्हालाच भरावे लागेल. अर्जात दोन्ही कंपन्यांच्या गाड्या एकाच दिवशी, त्याच रस्त्यावर, त्याच चालकाकडून, त्याच पंपावर टाकी भरून चालवण्याची विनंती करा. मेहुण्याच्या गाडीचा खरा उपयोग इथे आहे, त्यांची लेखी संमती घेऊन ठेवा. एका मापाने मोजले तर तुलना किती बोलकी होते याचे मोठे उदाहरण जपानचे आहे. २०१६ मध्ये मित्सुबिशीला सुमारे सव्वासहा लाख छोट्या गाड्यांच्या मायलेज चाचणीत फेरफार झाल्याची कबुली द्यावी लागली. त्यातल्या बऱ्याच गाड्या निस्सानच्या नावाने विकल्या जात होत्या, आणि निस्सानने स्वतः मोजल्यावर आकडे जुळले नाहीत तेव्हा प्रकरण बाहेर आले.

तोवर तुमची स्वतःची नोंद शिस्तीत आणा. डॅशबोर्डवरचा आकडा विसरा, तो बहुधा उदार असतो. टाकी ऑटो कटपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, काहीशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. पंपाचे बिल आणि ओडोमीटरचा फोटो प्रत्येक वेळी हवा. असे सलग काही वेळा करा, एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. सर्व्हिसिंगची जॉब कार्डे जपून ठेवा आणि ‘मायलेज कमी’ ही तक्रार त्यांच्यात लिहून घेण्याचा आग्रह धरा. तोंडी तक्रार कुणीच केलेली नसते. सामनेवाले इथेनॉलमिश्रित पेट्रोलकडेही बोट दाखवतील. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे खरे. पण वीस टक्के मिश्रणाने फार तर सहा-सात टक्क्यांचा फरक पडतो, ३३ टक्क्यांचा नाही. आणि तेच पेट्रोल मेहुण्याच्या गाडीतही जाते.

भरपाई मागताना ‘लिटरमागे ८ किलोमीटर बुडाले’ असे लिहू नका. पैसे किलोमीटरचे नव्हे, लिटरचे जातात. दहा हजार किलोमीटरला २४ च्या हिशेबाने ४१७ लिटर लागतात, १६ ने ६२५. फरक २०८ लिटरचा. ही मागणीची वरची मर्यादा, आणि ती पूर्ण मिळेल असे मला वाटत नाही, कारण २४ रस्त्यावर कुणालाच मिळत नाहीत. दुसरा हिशेब मला जास्त पटतो. तक्त्याने तुम्हाला सांगितले की दुसऱ्या गाडीपेक्षा दर दहा हजार किलोमीटरला ८३ लिटर वाचतील. प्रत्यक्षात तिच्यापेक्षा ६९ लिटर जास्त जात आहेत. दोन्ही मिळून १५२ लिटर. हा आकडा तक्त्यातूनच निघतो, म्हणून तो खोडणे कठीण, मात्र १८ हा आकडा आयोगाच्या चाचणीत टिकायला हवा. आजवरचे आणि गाडीच्या पुढच्या वाजवी आयुष्यातले किलोमीटर घेऊन दोन्ही हिशेब पर्यायी म्हणून मांडा, वर मानसिक त्रास आणि खर्च मागा. गाडी परत घेण्याची मागणी पर्यायी म्हणून लिहिली तरी चालेल, पण त्यासाठी उत्पादनातला दोष सिद्ध करावा लागतो, आणि कमी ॲव्हरेज म्हणजे आपोआप दोष असे आयोग मानत नाही.

सामनेवाले कोण, यात घाई नको. डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही करा. पण कंपनी म्हणेल की तक्ता डीलरने स्वतः बनवला, आमचा संबंध नाही. हा बचाव पोकळ नाही. गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे की डीलरशी व्यवहार स्वतंत्र तत्त्वावर असेल, म्हणजे डीलर कंपनीचा एजंट नसून स्वतःच्या जबाबदारीवर गाड्या विकत असेल, तर त्याच्या गैरकृत्याची माहिती असल्याचे दाखवल्याशिवाय उत्पादक जबाबदार धरला जात नाही. म्हणून तक्त्यावर कंपनीचे बोधचिन्ह आहे का, तोच तक्ता कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा इतर शोरूममध्ये दिसतो का, ते शोधा. तसा सापडला तर कंपनी सुटत नाही. मूळ मेसेज त्याच फोनमध्ये राहू द्या, फोन बदलू किंवा फॉरमॅट करू नका, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडा.

मुदत मात्र डोक्यात पक्की ठेवा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. तुम्ही म्हणाल, फसवणूक मला नंतर कळली. ते म्हणतील, डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजा. वाद कशाला, डिलिव्हरीची तारीखच धरा, म्हणजे पाच महिने उरतात. शोरूमशी चाललेल्या ईमेलनी ही मुदत थांबत नाही, ‘वरिष्ठांना कळवले आहे’ हे उत्तर कितीही वेळा आले तरी. पंधरा दिवसांची नोटीस पाठवा, उत्तर आले नाही किंवा उडवाउडवीचे आले तर दाखल करा. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तोही तुम्ही राहता त्या जिल्ह्याचा, शोरूमच्या जिल्ह्यात जायची सक्ती नाही. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे ५० लाखांपर्यंत २०० ते १,००० रुपये. तक्रार ऑनलाइन करता येते आणि वकील बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही त्या तक्त्याची तक्रार करा. तिथून तुम्हाला भरपाई मिळणार नाही, पण प्राधिकरण तक्ता बंद करायला लावू शकते आणि दंड करू शकते. पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा नोंदवण्याच्या मागे लागू नका. सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू होता हे दाखवणे अवघड, आणि त्यात तुमचे पाच महिने जातील.

राहिली बदनामीची धमकी. स्वतः मोजलेले खरे आकडे, मोजण्याची पद्धत सांगून, इतर ग्राहकांच्या हितासाठी कळवणे ही बदनामी नाही. ‘माझ्या गाडीने या पद्धतीने मोजल्यावर १६ दिले, तक्त्यात २४ होते, हा तो तक्ता’ एवढे लिहा. ‘चोर’, ‘लुटारू’, ‘कुणीही घेऊ नका’ असले काही लिहू नका, मॅनेजरचे नावही नको. आणि तक्रार दाखल होईपर्यंत तेही न लिहिलेले बरे, कारण तक्ता चर्चेत आला की संकेतस्थळावरून तो काढायला त्यांना एक मिनिट पुरेल. आधी त्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवा.