जेलन मिलरो 92 वा का गेला? आणि पळणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल तुमचे बाकीचे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल टाकून किंवा पळवून टीम चालवणारा तो क्वार्टरबॅक. अलाबामा युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक जेलन मिलरो 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या प्रो लीगच्या टीम कॉलेजचे खेळाडू ओळीने निवडतात त्यात, तिसऱ्या राउंडला, 92 व्या नंबरवर सिएटल सीहॉक्सकडे गेला. त्यावरून आलेल्या प्रश्नांचा ढीग साचलाय, त्यातले जमतील तेवढे आज घेतो.

पुण्याहून एक काका लिहितात: ड्राफ्ट बघायला पहाटे साडेपाचला उठलो, पहिला राउंड अख्खा संपला तरी मिलरोचं नाव नाही. एका सीझनमध्ये स्वतः पळून 20 टचडाउन (बॉल मैदानाच्या टोकाला, एंड झोनमध्ये नेणं) करणारा पोरगा 92 वा? या टीमवाल्यांना दिसत नाही का?

काका, दिसतं, सगळं दिसतं. 2024 च्या नोव्हेंबरमधले दोन शनिवार घ्या. 9 तारखेला बॅटन रूजमध्ये एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीविरुद्ध मिलरोने 12 वेळा बॉल घेऊन पळून 185 यार्ड काढले, चार टचडाउन, अलाबामा 42-13 ने जिंकली, त्या रात्री त्याला हात लावायला कोणी जवळ पोचतच नव्हतं. आणि बरोबर दोन आठवड्यांनी ओक्लाहोमामध्ये त्याच पोराचे पळून झाले जेमतेम 7 यार्ड, तीन इंटरसेप्शन म्हणजे समोरच्यांनी पकडलेले पास, त्यातलं एक समोरच्याने उचलून थेट एंड झोनमध्ये नेलं, आणि 24-3 ने हार. पाय तेच होते, फक्त पळायच्या गल्ल्या बंद झाल्या होत्या, आणि गल्ल्या बंद झाल्यावर उभं राहून बॉल टाकायचा असतो.

एनएफएलमध्ये त्या गल्ल्या बऱ्याचदा बंदच असतात. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅश मार्कमध्ये, म्हणजे ज्या खुणांच्या रांगांच्या आत बॉल ठेवून प्रत्येक प्ले सुरू होतो त्यांच्यात, 40 फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा. म्हणजे कॉलेजमध्ये बॉल एका बाजूच्या हॅशवर ठेवला की दुसऱ्या बाजूला केवढं तरी मोकळं रान मिळतं आणि वेगवान क्वार्टरबॅक तिकडे सुसाट सुटतो. प्रो मैदानावर बॉल जवळजवळ मधेच असतो, ते रान मिळतच नाही, आणि वर पाठलाग करणारे लाइनबॅकर कॉलेजवाल्यांपेक्षा चपळ.

मी ओहायोत बरीच वर्षं हायस्कूल टीमसाठी मॅचच्या फिल्म कापून द्यायचं काम केलंय, त्यामुळे सवय अशी लागली की आधी बॉल बघायचाच नाही, पाय बघायचे. मिलरोची फिल्म अशी बघा. स्नॅप आला म्हणजे बॉल हातात आला, मागे पावलं टाकली, मागचा पाय रोवला, इथे बॉल सुटायला हवा. पहिला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, मोकळा असेल तर सुटतो आणि काय सुटतो! पण तो झाकलेला असला की टाचा वाजायला लागतात, जागच्या जागी छोट्या छोट्या उड्या, खांद्याजवळचा बॉल पोटापर्यंत खाली येतो, आणि डोळे रिसीव्हरवरून उतरून अंगावर येणाऱ्या माणसावर जातात. डोळे खाली आले की दुसरा, तिसरा रिसीव्हर त्याच्यासाठी मैदानावर नसल्यातच जमा.

सगळ्या टीमने हेच बघितलं. शिवाय 2023 मध्ये 23 टचडाउन पास आणि 6 इंटरसेप्शन होते, ते 2024 मध्ये 16 आणि 11 झाले. आकडे मागे गेले की ड्राफ्टमध्ये नंबरही मागे जातो.

पण काका, मी त्याला निकालात काढलेलं नाहीये, अजिबात नाही. 2023 मध्ये ऑबर्नविरुद्ध चौथा डाउन म्हणजे शेवटची संधी, 31 यार्ड पाहिजेत, मॅच हातातून गेलेली, आणि याने एंड झोनच्या कोपऱ्यात जो बॉल ठेवला तो आठवा. 2024 ला जॉर्जियाविरुद्ध 374 यार्ड पासिंग आणि वर 117 पळून. लांबचा बॉल त्याच्याकडे उपजत आहे, डोकंही आहे, अभ्यास, खेळ आणि नेतृत्व तिन्हीसाठी मिळणारी कॅम्पबेल ट्रॉफी त्याने 2024 मध्ये जिंकली. अडतंय ते दहा ते वीस यार्डांच्या मधल्या पासवर, जिथे बॉल वेळेवर सोडावा लागतो. ते शिकायला वेळ लागतो, आणि 92 व्या नंबरवर गेलेल्या पोराला तो मिळतो कारण त्याला पहिल्याच रविवारी उतरवा म्हणून कोणी ओरडत नाही. सिएटलने त्याच वर्षी सॅम डार्नॉल्ड या अनुभवी क्वार्टरबॅकला आणलं होतं, त्यामुळे घाई नव्हतीच. माझ्या मते त्याच्यासाठी हे पहिल्या राउंडपेक्षा बरं झालं.

एडिसन, न्यू जर्सीहून एक वाचक: बॉल्टिमोरच्या लमार जॅक्सनबद्दलही लोक हेच बोलत होते ना, की हा क्वार्टरबॅक नाही, पळणारा आहे? मग मिलरोला तोच न्याय का नाही?

प्रश्न रास्त आहे आणि मला तो मनाला लागतो, कारण यामागे फार जुनं दुखणं आहे. 1968 मध्ये डेन्व्हरकडून मार्लिन ब्रिस्को खेळला, कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, नवखा असून 14 टचडाउन पास टाकले, आणि पुढच्या वर्षी त्याला ती जागा परत दिलीच नाही, तो बफलोला जाऊन रिसीव्हर झाला. वॉरन मून 1978 च्या रोझ बोल या मोठ्या कॉलेज मॅचचा हिरो, तरी ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथल्या लीगचे ओळीने पाच ग्रे कप जिंकले, तेव्हा कुठे 1984 ला ह्यूस्टनने बोलावलं, आणि 2006 मध्ये तोच माणूस हॉल ऑफ फेममध्ये बसला. लमारच्या वेळी, 2018 मध्ये सुद्धा, बिल पोलियनसारखा मोठा माजी जनरल मॅनेजर उघड म्हणाला की याने रिसीव्हर व्हावं. नंतर त्याने चूक कबूल केली, पण लमार तोपर्यंत 32 व्या नंबरपर्यंत घसरला होता. मिलरोनेही सांगितलंय की अलाबामातल्याच एका कोचने त्याला तू क्वार्टरबॅक खेळू नकोस असं सुनावलं होतं. त्यामुळे कोणी नुसतं “अ‍ॅथलेटिक आहे” म्हणून थांबलं की माझे कान टवकारतात.

तरीही दोघांच्या फिल्ममध्ये फरक आहे तो सांगायलाच हवा. लमारची लुइव्हिल कॉलेजमधली पास पूर्ण होण्याची टक्केवारी साधारण 57 होती, वरवर बघता काही खास नाही, पण तो पॉकेटमध्ये, म्हणजे आपल्या ब्लॉकर्सच्या आडोशाला, उभा राहून मैदानाच्या मधोमध बॉल टाकत होता, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नजर फिरवत होता, माणसं अंगावर आली तरी डोळे वर. कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांना, तो 40 यार्ड धावलाच नाही, मी क्वार्टरबॅक आहे आणि तेच बघा असं त्याचं म्हणणं. आणि बॉल्टिमोरने एक मोठी गोष्ट केली, त्याला आपल्या जुन्या प्लेबुकमध्ये कोंबलं नाही, प्लेबुकच त्याच्याभोवती नव्याने रचलं. 2019 मध्ये 36 टचडाउन पास, पळून 1206 यार्ड, आणि एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडूसाठीची एकूण एक मतं त्याला. 2024 ला तर 41 टचडाउन पास आणि फक्त 4 इंटरसेप्शन, ही पळणाऱ्याची नाही, टाकणाऱ्याची कमाई आहे. तेव्हा मिलरोला न्याय द्यायचा तर दुसरा लमार म्हणू नका, त्याच्याभोवती कोणी काही रचतंय का ते बघा.

नाशिकचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: दादा, बफलोचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन कच्चा होता तरी सुधारला, मग अँथनी रिचर्डसन का नाही सुधारला? शरीर तर त्याचं अ‍ॅलनपेक्षा भारी आहे.

अरे, शरीराचं म्हणशील तर रिचर्डसनसारखा क्वार्टरबॅक कंबाइनने बघितलेलाच नव्हता. सहा फूट चार इंच, 244 पौंड, 40 यार्ड 4.43 सेकंदांत, जागेवरून उडी साडेचाळीस इंच. 2023 मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने चौथ्या नंबरवर घेतला. पण फ्लोरिडात त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच किती? 13. फक्त तेरा रे! जेडन डॅनियल्स या क्वार्टरबॅकच्या कॉलेजात झाल्या होत्या 55. एक पोरगा 55 वेळा संपूर्ण डिफेन्स वाचून, मार खाऊन, चुकून, पुन्हा उभा राहून आलेला, आणि दुसरा तेरा वेळा.

अ‍ॅलन पण कच्चाच होता, वायोमिंगमध्ये 56 टक्के, बफलोत पहिल्या वर्षी 52.8, दुसऱ्या वर्षी 58.8, आणि तिसऱ्या वर्षी एकदम 69.2. लोक हा आकडा जादू असल्यासारखा सांगतात, जादूबिदू काही नाही. तीन वर्षं तोच ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर ब्रायन डेबोल, सुट्टीत क्वार्टरबॅक कोच जॉर्डन पामरबरोबर पायांवर आणि थ्रोच्या हालचालीवर पुन्हा पुन्हा काम, 2020 मध्ये स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आणून दिला, आणि मुख्य म्हणजे तो जवळपास प्रत्येक रविवारी मैदानावर होता.

रिचर्डसनला नेमकं तेच मिळालं नाही. पहिल्या वर्षी चार मॅच, मग खांद्याचं ऑपरेशन. दुसऱ्या वर्षी 47.7 टक्के, एका प्लेला दमलो म्हणून स्वतःहून बाहेर गेला त्यावरून गदारोळ, बेंचवर, पुन्हा आत, आणि 2025 ला डॅनियल जोन्सने जागा घेतली. ज्याला सगळ्यात जास्त खेळायची गरज होती तो सगळ्यात कमी खेळला, मला याचं फार वाईट वाटतं. चूक एकट्या त्याची नाहीये, तेरा मॅचच्या पोराला पहिल्याच दिवशी चाव्या देणाऱ्यांचीही आहे.

सांगलीहून: एवढा वेग आहे तर रिसीव्हर का करत नाहीत?

करतात, काहींचं सोनंही होतं. जुलियन एडलमन केंट स्टेटचा क्वार्टरबॅक, तो रिसीव्हर होऊन सुपर बोलचा एमव्हीपी झाला. टेरेल प्रायरने 2016 मध्ये क्लीव्हलंडला हजार यार्ड पकडले. पण ते स्वतः खेळाडूने ठरवावं, आणि क्वार्टरबॅकची संधी खरीखुरी मिळून संपल्यावर. वरचा ब्रिस्कोचा किस्सा त्यासाठीच सांगितला.

मुंबईहून: कॉलेजमध्ये पळणाऱ्या क्वार्टरबॅकचे रनिंग यार्ड कधीकधी इतके कमी कसे दिसतात?

कारण कॉलेजमध्ये सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं, की गेलेले यार्ड रनिंगमधून वजा करतात, एनएफएलमध्ये ते टीमच्या पासिंगमधून जातात. ओक्लाहोमाविरुद्धच्या त्या 7 यार्डांतही हे वजाबाकीचं गणित आहे. म्हणून नुसती बेरीज बघून तुलना करू नका.

डॅलसहून एक आई: माझा मुलगा 16 वर्षांचा, हायस्कूल टीमचा क्वार्टरबॅक, शाळेत सगळ्यात वेगवान. कोच त्याला अर्ध्या प्लेला पळायलाच लावतात. त्याला पुढे प्रो खेळायचंय. मला यातलं काही कळत नाही, मी काय करू?

ताई, आधी हे की त्याला पळण्यापासून अडवू नका, ती देणगी आहे. फक्त स्लाइड करायला शिकवा, आजच, कारण खाली बसून घसरलं की मार टळतो. 2012 मध्ये रॉबर्ट ग्रिफिन नवख्यांमध्ये सर्वोत्तम ठरला, आणि त्याच सीझनच्या शेवटी, जानेवारी 2013 मध्ये, आधीच दुखावलेल्या गुडघ्याने खेळत राहिला, तो गुडघा गेला आणि तो पुन्हा तसा कधी दिसला नाही.

दुसरं, कोचना भेटा आणि भांडू नका, एकच विचारा, पासच्या प्लेला याला किती रिसीव्हर बघायला सांगता? उत्तर “एक, नाहीतर पळ” असेल तर उन्हाळ्यात त्याला सेव्हन-ऑन-सेव्हनला, म्हणजे सात-सात जणांच्या नुसत्या पासिंगच्या खेळाला, घाला, तिथे पळायची सोयच नसते, बघावंच लागतं.

कॉलेज निवडताना मोठ्या नावाच्या शाळेत तीन वर्षं बेंचवर बसण्यापेक्षा खेळायला मिळेल तिथे पाठवा. जॉश अ‍ॅलनला हायस्कूलमधून मोठ्या कॉलेजपैकी कोणी विचारलं नव्हतं, तो कॅलिफोर्नियात रीडलीच्या ज्युनिअर कॉलेजला गेला आणि तिथून वायोमिंग. आणि प्रोपर्यंत फार म्हणजे फारच थोडे पोचतात, हे त्याला तुम्ही घरी सांगितलेलं बरं, पण डिग्री बाजूला टाकून नाही आणि स्वप्न मोडूनही नाही.

आणि यातलं कळत नाही म्हणता ना, तर पुढच्या मॅचला मोबाईल घेऊन एंड झोनच्या मागे उभ्या राहा, बॉल कुठे जातोय ते सोडून द्या, फक्त त्याच्या पायांचं शूटिंग करा. रात्री जेवणं झाली की दोघं बसून बघा. टाचा कधी वाजायला लागल्या, ते तो स्वतःच तुम्हाला दाखवेल.