वाचकांचे प्रश्न : पेटीतले रुपये आणि शेतातली नाणी

प्रश्न : आजी गेल्यानंतर तिची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा एका कापडी पिशवीत काळी पडलेली पंधरा-वीस नाणी सापडली. काहींवर राणीचे चित्र आहे, दोनांवर चारमिनार आहे, एकावर वाघ आहे आणि काही तांब्याचे भोकाचे पैसे आहेत. चिंच लावून ती लख्ख करावीत आणि मग सोनाराकडे न्यावीत, असे घरच्यांचे म्हणणे आहे. त्यांची किंमत कशी समजावी?
(एक वाचक, उमरखेड तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : चिंच कृपया लावू नका, ही विनंती उत्तराच्या आधीच करतो, कारण बाकीचे सारे सावकाश करता येते, पण एकदा घासलेले नाणे पूर्ववत होत नाही. चांदीवरचा काळेपणा हा हवेतल्या गंधकामुळे बसलेला अगदी पातळ थर असतो आणि त्याखालची मूळ झिलई शाबूत असते. भांड्यांच्या पावडरीने घासले की त्या थराबरोबर अक्षरांच्या कडा आणि चेहऱ्यावरचे बारकावेही झिजतात. चिंचेच्या आंबटपणाने तांब्याचा वरचा पापुद्रा खाल्ला जाऊन नाणे अस्वाभाविक गुलाबी दिसू लागते, आणि संग्राहकाला ते पाहताक्षणी कळते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला रुपया धुऊन मांडण्याची आपली रीत आहे, ती जरूर पाळावी. पण त्यासाठी एखादे झिजलेले नाणे वेगळे ठेवावे आणि बाकीच्यांना हळदीकुंकवाचे बोटही लागू देऊ नये.

आता ओळख. राणीच्या रुपयावर इंग्रजीत ‘क्वीन’ लिहिले आहे की ‘एम्प्रेस’, हे आधी पाहावे. ‘एम्प्रेस’ असेल तर ते नाणे १८७७ किंवा त्यानंतरचे होय. १८६२ हे साल दिसले तर मात्र सावध राहावे, कारण ते साल तसेच ठेवून पुढे कित्येक वर्षे रुपये पाडले गेले. त्यामुळे नुसत्या सालावरून त्यांची किंमत ठरत नाही. टिंब आणि नक्षी यांतले बारीक फरक जाणकाराला दाखवावे लागतात. या रुपयांचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे जवळजवळ १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. वाघाचे नाणे १९४७ चा रुपया असेल तर त्यात चांदी मुळीच नाही. ते निकेलचे आहे आणि लोहचुंबकाला चिकटते. चांदीचे नाणे चिकटत नाही.

खरेपणा पडताळण्याची एक सोपी रीत सोनाराच्या काट्यावर करता येते. नाणे आधी कोरडे तोलावे, मग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता तोलावे. ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयाचे वजन पाण्यात साधारण १.१३ ग्रॅमने घटले पाहिजे. घट स्पष्टपणे जास्त आली, तर धातू हलका आहे असे समजावे.

चारमिनारची नाणी हैदराबादच्या निजामाची आहेत आणि ती आपल्याकडे सापडावीत हे स्वाभाविकच आहे. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे असला तरी मालकी निजामाचीच मानली जात होती, आणि आपल्या तालुक्यातून तर पैनगंगा ओलांडली की निजामाचा मुलूख लागत असे. निजामाच्या या रुपयाला हाली रुपया म्हणत. त्यात चांदी थोडी कमी, सुमारे ८१.८ टक्के असे, आणि साधारण सात हाली रुपयांना सहा इंग्रजी रुपये असा हिशेब चाले. त्यांवरचे साल हिजरी असते, त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास मिळतो. उदाहरणार्थ, १३४३ म्हणजे १९२४-२५.

किंमतीचा तळ चांदीच्या त्या दिवसाच्या भावाने ठरतो. त्यावर किती मिळेल हे नाणे किती दुर्मीळ आहे आणि कोणत्या स्थितीत आहे यावर अवलंबून असते. सोनार वितळवण्याचा भाव देतो आणि त्याच्या व्यवसायात ते योग्यच आहे. पण एखाद्या दुर्मीळ सालाचे नाणे त्यात वितळून गेले तर ते कायमचे गेले. हारासाठी कडी डाखलेल्या रुपयाला संग्राहक फारसे देत नाहीत, मात्र असा हार मोडू नये, असे मला मनापासून वाटते. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला असून अमाप पाडला गेला होता. त्याचे पैसे फार येणार नाहीत, पण शिकायला त्याच्यासारखे नाणे नाही.

माती काढायचीच असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वाटीत घेऊन त्यात नाणे भिजत ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि नंतर सुती कापडावर न घासता टिपून घ्यावे. तांब्यावर घट्ट, गडद हिरवा थर असेल तर तो राहू द्यावा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणे लगेच बाकीच्यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावे, कारण क्षार आणि ओलावा यांमुळे ती झीज चालूच राहते. नाणे कडेने धरावे आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात किंवा रबर लावून ठेवू नये.

प्रश्न : रामदरबाराचे चित्र असलेले १८१८ चे नाणे लाखो रुपयांना जाते असे सांगून एकाने नोंदणीचे पैसे मागितले आहेत. द्यावेत का?
(एक वाचक, चिखली तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : एक रुपयाही देऊ नये. ईस्ट इंडिया कंपनीने रामदरबाराचे नाणे चलनात कधीच आणले नाही. ती पूजेसाठी वा विक्रीसाठी नंतर घडवलेली पदके आहेत. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढून घेणाऱ्या चमत्कारी नाण्याची गोष्टही निव्वळ फसवणुकीची असून तिच्यापायी लोकांच्या जमिनी गेल्या आहेत. जुन्या नाण्यांच्या व्यवहाराशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

प्रश्न : नांगरताना मडक्यात हत्तीचे चित्र असलेली लहान नाणी निघाली. ती विकता येतील का?
(एक शेतकरी, कुही तालुका, जि. नागपूर)

उत्तर : विकू नका आणि धुऊही नका. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क ठरवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, म्हणून कळवल्याने आपले सारे जाईल अशी भीती बाळगू नये.

हत्तीचे चित्र सातवाहनांच्या नाण्यांवर वारंवार येते. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सापडलेल्या सातवाहन नाण्यांच्या ठेव्याचा अभ्यास इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी केला, आणि अन्यत्र न कळलेल्या राजांची नावे त्यातून पुढे आली. तो ठेवा चार घरांत वाटला गेला असता तर हे झाले नसते. तेव्हा मडक्याचे तुकडे, आतली माती आणि नाणी एकत्रच ठेवावीत, जागेची खूण करून छायाचित्र काढावे आणि तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.