शेपटीला कंगवा लावण्याआधी

घाई करू नकोस. घोड्याच्या शेपटीचा लांब केस तुटला की पुन्हा तेवढा वाढायला वर्षं जातात, म्हणून मी कंगवा अगदी शेवटी घेतो. थेट मागे उभा राहू नकोस. बाजूला, त्याच्या मांडीला खेटून राहा आणि शेपूट हळूच आपल्याकडे घे. गुंता बोटांनी सोडव, टोकाकडून वर. गाठ हट्टी असेल तर थोडं कंडिशनर चोळ आणि गाठीच्या वरचे केस मुठीत धर, म्हणजे हिसका त्याला बसत नाही. धुतल्यावर साबण पुरता निघू दे, नाहीतर खाज सुटते. आणि तो शेपटीचं मूळ भिंतीला घासत असेल, तर नुसतं तेल लावत बसू नकोस. शेपूट उचलून खालची कातडी बघ. मळ असेल, माश्यांचे चावे असतील, जंतही असतील. पशुवैद्यांना दाखवच.